आजोबांच्या जन्माची नोंद शोधताना: कोणतं दफ्तर, कोणता हक्क, कसा अर्ज

वंशावळ जुळवायला निघालेले बरेचजण ग्रामपंचायतीत जाऊन ‘आजोबांचा जन्मदाखला हवा’ म्हणतात, ‘एवढं जुनं आमच्याकडे नाही’ हे उत्तर ऐकतात आणि तिथेच थांबतात. पुष्कळदा नोंद असते. ती दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्याच गावाच्या वहीत आणि बाळाच्या नावाशिवाय पडून असते. ती शोधून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण टेबलामागच्या माणसाला तो ठाऊक असेलच असं नाही. म्हणून आधी तो हक्क नीट समजून घ्यावा आणि मगच पायरी चढावी. पुढे महाराष्ट्राची पद्धत सविस्तर आहे, गोव्याची थोडक्यात.

१ एप्रिल १९७०: अलीकडचं आणि पलीकडचं

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी निबंधकाकडे असतात. गावात हे काम ग्रामपंचायतीकडे असतं, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे, लष्करी हद्दीत छावणी परिषदेकडे.

त्याआधी खेड्यातली नोंद पोलीस पाटील आणि कोतवालाच्या हातून व्हायची. ती वही म्हणजे गाव नमुना १४. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात, विदर्भात ‘कोतवाल पंजी’. या वह्या आज बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत. म्हणजे १९७० पूर्वीच्या माणसासाठी ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. थेट तहसील गाठा. मोठ्या शहरांत मात्र नगरपालिकांची स्वतःची जुनी रजिस्टरं असतात, तिथे शोध पालिकेतच घ्यायचा. मुंबईत घटना ज्या विभागात घडली त्या विभाग कार्यालयातून सुरुवात करा.

कायदा काय म्हणतो

१९६९ च्या अधिनियमाचं कलम १७ वाचून ठेवा, छापून सोबत न्या. त्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. ठरलेलं शुल्क भरून कोणीही निबंधकाला नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकतो आणि त्या नोंदीचं प्रमाणपत्र मागू शकतो. नातं सिद्ध करण्याची अट कलमात नाही. काही देशांत जन्माच्या नोंदी शंभर वर्षं बंद ठेवतात, तशी मुदतही आपल्या अधिनियमात नाही. अपवाद एकच: मृत्यूच्या प्रमाणपत्रात मृत्यूचं कारण दाखवता येत नाही. पणजोबा कशाने गेले हे त्यावरून कळेल अशी आशा ठेवू नका.

प्रत्यक्षात कार्यालयं अर्जदाराचं ओळखपत्र आणि नात्याचा काही पुरावा मागतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा ते देऊन टाकावं. जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या जोरावर लोक जातीचे दाखले आणि मालमत्तेचे हक्क मिळवतात, त्यात खाडाखोडही झाल्या आहेत, त्यामुळे कर्मचारी वहीला हात लावू देताना जपून असतात. ही काळजी रास्त आहे. पण पुरावा देऊनही ‘मिळणार नाही’ एवढंच उत्तर आलं तर नकार लेखी मागा. २०२३ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम २५अ आलं आहे. निबंधकाच्या कृतीविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्याचा निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो. हे अपील निबंधकापुरतं आहे, तहसीलच्या जुन्या वहीला ते लागू होत नाही.

आधी घरीच बसून करायचं काम

नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, म्हणून थोरल्या मुलाची नोंद आईच्या माहेरच्या गावात सापडते आणि धाकट्यांची सासरच्या. आजोबा थोरले असतील तर पणजीचं माहेर कुठलं, हा पहिला प्रश्न. मृत्यूचंही तसंच: गावचा माणूस शहरातल्या इस्पितळात गेला असेल तर नोंद त्या शहरात.

दुसरं, गाव त्या साली कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणाच्या राज्यात होतं ते ठरवा. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये झाले, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशिम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. तालुके फुटले तेव्हा दफ्तरही वाटलं गेलं, पण ते पूर्ण पोचलंच असं नाही. नव्या तहसीलमध्ये वही नसेल तर जुन्या मूळ तहसीलमध्ये विचारा. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. तिथलं आजोळ असेल तर शोध कर्नाटकात.

तिसरं, सालाचा अंदाज. वयस्क माणसांची जन्मतारीख शाळेच्या कागदावर १ जून असेल तर ती खरी धरू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर वयाचा अदमास घेऊन तीच तारीख टाकायचे. अशा वेळी शाळेतल्या सालाच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन वर्षं धरून शोध मागा. पाच वर्षांची खिडकी बरी पडते. वीस वर्षं मागितली तर कारकून पहिल्या दोन वह्या चाळून ‘आढळत नाही’ लिहितो, आणि एकच वर्ष मागितलं तर नोंद शेजारच्या वर्षात राहते.

अर्ज

तहसीलला अर्ज साध्या कागदावर, कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा. मजकूर साधारण असा:

‘विषय: मौजे ______, ता. ______ येथील गाव नमुना १४ (जन्म-मृत्यू नोंदवही) मधील नोंदींचा शोध घेऊन प्रमाणित नक्कल मिळणेबाबत. वरील गावच्या सन १९३१ ते १९३५ या कालावधीच्या नोंदवहीत ______ (बापाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, जात) यांच्या सर्व अपत्यांच्या जन्मनोंदी शोधून, ज्या पानांवर नोंदी आढळतील त्या पूर्ण पानांच्या छायाप्रती प्रमाणित करून द्याव्यात. नोंद न आढळल्यास कोणत्या वर्षांच्या वह्या तपासल्या व कोणत्या उपलब्ध नाहीत हे नमूद करून लेखी कळवावे.’

यातली तीन वाक्यांशं मुद्दाम तशी आहेत. ‘सर्व अपत्यांच्या’ हे हवंच, कारण नोंद जन्मानंतर लगेच व्हायची आणि नाव बाराव्या दिवशी बारशाला ठेवायचे. त्यामुळे जुन्या वहीत बाळाचं नाव बहुधा नसतं. आजोबांच्या नावाने शोध घेतला तर नोंद डोळ्यासमोर असूनही सापडत नाही. ‘पूर्ण पानांच्या छायाप्रती’ मागायच्या, कारण कारकुनाने उतरवून दिलेल्या उताऱ्यात रकाने गळतात आणि नावं चुकतात. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची: ‘नोंद नाही’ आणि ‘वहीच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो लेखी असेल तरच पुढची दिशा ठरते.

१९७० नंतरच्या नोंदीसाठीही हाच आग्रह धरा. संगणकावरून निघणाऱ्या प्रमाणपत्रात ठरावीक रकानेच येतात. मूळ रजिस्टरच्या नकलेत खबर देणाराचं नाव, नोंदणीची तारीख आणि समासातले शेरे दिसतात. चूक दुरुस्त करताना मूळ नोंद खोडायची नसते, समासात शेरा मारायचा असतो (कलम १५), म्हणून तो समास पाहायलाच हवा. जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत कित्येक वर्षांचं अंतर असेल तर ती उशिरा आदेश घेऊन केलेली नोंद आहे, त्या काळची साक्ष नव्हे. जात, धर्म, आईवडिलांचं शिक्षण यांसाठी मात्र अलीकडची रजिस्टरं शोधू नका. २००० सालच्या नियमांनंतर नोंदणी अर्जाचे दोन भाग झाले. धर्म, शिक्षण, व्यवसाय हे सांख्यिकी भागात जातात आणि तो भाग रजिस्टरपासून वेगळा होतो.

वही उघडल्यावर

जुन्या वहीची ओळ आडनावाशिवाय वाचायची सवय करा. ‘राघो बिन सखाराम’ म्हणजे सखारामचा मुलगा राघो. मराठवाडा-विदर्भात ‘बिन’ऐवजी ‘वल्द’ येतं. ‘कोम’, ‘भ्र.’ (भ्रतार) किंवा ‘जौजे’ यांच्यापुढे नवऱ्याचं नाव असतं, ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘मु.’ अनेकदा मुलगा किंवा मुलगी दोन्हींसाठी येतो. लिंगाचा रकाना पाहूनच ठरवा. आईचं नाव पुष्कळदा नसतंच. मग आडनाव नाही, बाळाचं नाव नाही, आईचं नाव नाही, तर ओळख पटवायची कशी? बापाचं आणि आज्याचं नाव, जात आणि वाडी किंवा पेठ, हे जुळलं पाहिजे. एकाच गावात राघो सखाराम दोन असणं अजिबात दुर्मिळ नाही. भावंडांच्या नोंदी एका मागोमाग मिळाल्या आणि त्यांच्यातली अंतरं घरात सांगितलेल्या क्रमाशी जुळली, तर खात्री वाढते. म्हणूनच एका नोंदीवर थांबू नये.

पश्चिम महाराष्ट्रात वही मोडी लिपीत असू शकते. वाचन येणारा माणूस नसेल तर पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षण वर्गांतून तयार झालेल्या लिप्यंतरकारांची मदत घ्या. सरकारी कामासाठी लिप्यंतर लागणार असेल तर ते कोणाकडून केलेलं चालतं हे त्या कार्यालयाला आधी विचारून घ्या. मराठवाड्यात निजामकालीन कागद उर्दूत आणि सालं ‘फसली’ नावाच्या महसुली सनातली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. शकाच्या सालात ७८ मिळवा, आणि जानेवारी ते चैत्रापर्यंत ७९. हे गणित अर्ज करण्याआधी करून ठेवा, नाहीतर मागितलेली खिडकीच चुकते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतल्या मृत्यूंची नोंद नाही म्हणून तो माणूस त्या वर्षी वारला नाही, असा निष्कर्ष काढू नका. इतक्या मृत्यूंपुढे नोंदणीची व्यवस्था कोलमडली होती.

माहितीचा अधिकार कधी वापरायचा

नकलेचा साधा अर्ज हा पहिला मार्ग, माहिती अधिकार दुसरा. पहिला मार्ग उपलब्ध असताना दुसऱ्याने गेलात तर ‘विहित पद्धतीने अर्ज करा’ असं परत येतं. साध्या अर्जाला महिना-दीड महिना उत्तर नाही आलं की माहिती अधिकारात विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, अमुक गावाच्या कोणत्या वर्षांच्या वह्या अभिलेख कक्षात आहेत, आणि त्या पाहण्यासाठी वेळ द्या. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो.

‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती काही मोजके अपवाद वगळता द्यायची असते आणि वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) त्या अपवादांत नाही. हयात माणसांच्या अलीकडच्या नोंदींबाबत मात्र हा युक्तिवाद चालत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती बाजू आणखी आवळली आहे. चुलतभावाच्या मुलांच्या जन्मतारखा कार्यालयातून काढत बसू नका. त्यांना फोन करा.

जन्माची नोंद मिळालीच नाही तर

इथे खरा खजिना महसुलाच्या कागदांत आहे, आणि नवखे नेमके तेच शेवटी पाहतात. जमीन असलेला माणूस वारला की वारसांची नावं लागतात. त्याची नोंद गाव नमुना ६ (फेरफार) आणि ६-क (वारस नोंदवही) मध्ये. एका फेरफारात मयताचं नाव, मृत्यूचा सुमारे काळ, मुलं, विधवा, कधी वयं, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या नोंदींत बऱ्याचदा मुलींची नावंही मिळतात. जन्मनोंद जे देत नाही, म्हणजे पूर्ण कुटुंब, ते इथे एका पानावर असतं. ‘अ.पा.क.’ दिसलं तर वारस तेव्हा अज्ञान (अल्पवयीन) होता आणि पालनकर्ता म्हणून दुसऱ्याचं नाव आहे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ; धाकट्यांची नावं त्यामागे दडलेली असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ प्रमाणे भूमी अभिलेख पाहणीसाठी खुले आहेत, नातं दाखवावं लागत नाही. आजच्या सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकापासून एकेक मागे चालत जा. अनेक तालुक्यांचे जुने कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आहेत, तिथे आधी पाहा; एक फेरी वाचते.

मग शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला न मागता रजिस्टरमधल्या मूळ ओळीची सही-शिक्क्याची छायाप्रत मागा. त्यानंतर दुय्यम निबंधकाचं दफ्तर. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेचं पुस्तक क्रमांक १ कोणीही पाहू शकतो. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल, ते करणारा माणूस वारल्यानंतर, कोणत्याही अर्जदाराला मिळू शकते. वाटणीपत्र आणि दत्तकपत्रही इथेच सापडतात. दत्तक गेलेल्या माणसाचं बापाचं नाव बदलतं, त्यामुळे वंशावळीत एखादी व्यक्ती अचानक गायब झाली की हे दफ्तर उघडा.

परदेशी मार्गदर्शिका वाचून जनगणनेचे घरोघरचे तक्ते मागायला जाऊ नका. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ ने ते पाहणीसाठी कायमचे बंद आहेत. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर मात्र काही तहसीलांत आहे आणि त्यात घरातली माणसं मिळतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दफ्तरं मोठ्या प्रमाणावर चाळली आणि स्कॅन केली गेली. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय प्रती आहेत. तुमची जात कुठलीही असो, एका पानावर शेजारच्या घरांच्या ओळीही असतात, म्हणून आपल्या गावाची पानं पाहून घ्या.

लग्नाच्या नोंदी

जुनी हिंदू लग्नं बहुतेक नोंदवलेलीच नाहीत. जी आहेत ती पाहता येतात: हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आणि विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये विवाह नोंदवही पाहणीसाठी खुली असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. महाराष्ट्राचा सध्याचा विवाह नोंदणी अधिनियम १९९८ चा. त्याआधीच्या लग्नाला घरातली पत्रिका आणि आहेराची वही हाच आधार बहुधा उरतो, त्या फेकू नका.

गोवा

गोव्याची गोष्ट वेगळी आणि वंशावळीच्या दृष्टीने सुखाची. पोर्तुगीज काळात सर्वधर्मीयांची नागरी नोंदणी होती आणि लग्नसुद्धा नागरी निबंधकापुढे नोंदलं जायचं. नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे, जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात. अर्ज करताना छोटा दाखला न मागता ‘तेओर’, म्हणजे संपूर्ण नोंदीची नक्कल मागा. त्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं येऊ शकतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या. नावांची पोर्तुगीज रूपं आधी जुळवून घ्या: प्रभू हा ‘पोरोब’, कामत हा ‘कामोतीं’, शेणवी हा ‘सिनाय’ म्हणून लागलेला असतो. मराठी रूपाने सूची चाळली तर काही हाती लागत नाही. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्मा पुस्तकंही पाहावीत. ती खासगी दफ्तरं आहेत, परवानगी पाद्रींची.

मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना उलट दिशेने यायचं असतं. त्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतली भारतीय स्थलांतरितांची दफ्तरं आधी पाहावीत. तिथल्या नोंदीतून गाव आणि जिल्हा मिळाल्याशिवाय रत्नागिरीच्या तहसीलमध्ये विचारण्यासारखं काहीच हातात नसतं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या उपाध्यायांच्या नामावळ्यांना कोणताही प्रवेशाचा कायदा लागू नाही. त्या वह्या उपाध्यायांच्या घराण्याची मालमत्ता आहेत आणि दाखवणं त्यांच्या मर्जीवर. जाण्याआधी मूळ गाव, आडनाव आणि पूर्वीचं आडनाव असल्यास ते लिहून न्या. वह्या गाव आणि आडनावाच्या हिशेबाने लावलेल्या असतात, त्यामुळे राहत्या शहराचं नाव सांगून उपयोग नाही. पान दाखवलं तर फोटोची परवानगी आधी विचारा, दक्षिणा द्या आणि तुमच्या पिढीची नावं त्यात लिहून या. उत्तरेकडच्या वहीतल्या तारखा पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणाऱ्या) महिन्यात आणि विक्रम संवतात असू शकतात. संवतातून ५७ वजा करा (वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ५६), आणि वद्य पक्षातली तिथी असेल तर महिना एकाने मागे घ्या: तिथला आश्विन कृष्ण पक्ष म्हणजे आपला भाद्रपद वद्य. पितृपक्षातली तिथी घरच्या श्राद्धतिथीशी ताडून पाहताना हा फरक विसरला तर बरोबर नोंदही चुकीची वाटते.